बाटलीतला प्राणवायू, इंजिनाचा ताप

नायट्रस ऑक्साइड हा वायू ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहत नाही. दाब कितीही वाढवला तरी नाही. हिंगोलीत मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांच्या घरात जातो. मोटरसायकलला नायट्रसची बाटली जोडून वेग वाढवण्याची सगळी विद्या उभी आहे ती बाटलीतल्या द्रवावर. म्हणजे अमेरिकेतल्या धावपट्ट्यांवर घडलेली ही विद्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहिल्याच पायरीवर अडखळते.

हिंगोली काही शर्यतींसाठी प्रसिद्ध नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा हळदीचा, सोयाबीनचा, कापसाचा. एमएच-३८ पाटीची दुचाकी बहुधा शंभर ते दीडशे सीसीची, वाऱ्यावर थंड होणारी, आणि बाजाराच्या दिवशी दोघातिघांसोबत एखादं पोतंही वाहणारी. ड्रॅग शर्यत बघायची तर लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ला जावं लागतं, नाही तर चेन्नई गाठावं लागतं.

तरीही हा विषय इथल्या वाचकाच्या कामाचा आहे. इंजिनात प्राणवायू वाढला आणि त्या मानानं पेट्रोल वाढलं नाही तर काय होतं, एवढाच त्याचा गाभा. नायट्रस त्याचं उत्तर दहा सेकंदांत देतो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तेच उत्तर रोज थोडं थोडं देत राहतं.

घशात बर्फ, पोटात आग

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू शोधला. हम्फ्री डेव्ही यांनी १७९९च्या सुमारास तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्याला ‘हसवणारा वायू’ हे नाव चिकटलं. १८४४ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना त्याचा उपयोग केला, आणि तिथून तो शस्त्रक्रियागृहात गेला. इंजिनात तो आला दुसऱ्या महायुद्धात. उंचावरच्या विरळ हवेत जर्मन लढाऊ विमानांची इंजिनं गुदमरू लागली, तेव्हा ‘जीएम-१’ नावाच्या यंत्रणेतून त्यांना नायट्रस पाजला गेला. पुढे १९७८ मध्ये माइक थर्मोस आणि डेल वाझ्नायन यांनी ‘एनओएस’ ही कंपनी काढून तोच प्रकार गाड्यांसाठी बाजारात आणला. २००१च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटानंतर ‘नॉस’ हा शब्द आपल्याकडच्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला.

चित्रपटानं एक गैरसमजही पसरवला: नायट्रस जळतो. तो जळत नाही, जाळायला मदत करतो. साधारण ३०० अंशांच्या पुढे त्याचा रेणू फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. हवेत वजनानं २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय रेणू फुटतानाच थोडी उष्णता बाहेर पडते. शर्यतीतल्या ‘नायट्रो’शी त्याची गल्लत करू नये, नायट्रोमिथेन हे स्वतः इंधन आहे, ती वेगळी जात.

नायट्रसची दुसरी करामत थंडाव्याची. त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश. नळीतून सुटताच द्रवाची वाफ होते आणि आत जाणारी हवा गारठते, दाट होते. म्हणून नवशिक्याला वाटतं की इंजिन थंड होतंय. घशात बर्फ पडतो हे खरं, पण पोटात जास्त इंधन जास्त प्राणवायूसोबत जळतं आणि तिथला ताप वाढतोच.

पाव ग्रॅमचा हिशेब

दीडशे सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन घेऊ, ताकद १४ अश्वशक्ती. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर, उन्हाळ्यातल्या पातळ हवेत, ते सेकंदाला ढोबळमानानं ९ ग्रॅम हवा ओढतं. त्यातला प्राणवायू सुमारे २.१ ग्रॅम. त्यासाठी कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर साधारण ०.७२ ग्रॅम पेट्रोल देतो. हवा आणि पेट्रोलचं हे प्रमाण १२.६ ला १ पडतं. पुस्तकी पूर्ण ज्वलनाला १४.७ ला १ पुरतं. जास्तीत जास्त ताकदीसाठी मिश्रण थोडं ‘रिच’, म्हणजे पेट्रोलनं श्रीमंत ठेवतात, कारण जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं.

आता याच इंजिनाला पाच अश्वशक्तीची भर घालायची. त्याला सेकंदाला पाऊण ग्रॅम जादा प्राणवायू हवा, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम नायट्रस. आणि त्याच्या जोडीला पाव ग्रॅम जादा पेट्रोल. हे पाव ग्रॅम म्हणजे मिलिलिटरचा एक तृतीयांश, डोळ्यात घालायच्या औषधाचे काही थेंब. ते थेंब वेळेवर आले नाहीत, जेटमध्ये, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात, कचरा अडकला, पंपाचा दाब घसरला, की मिश्रण १२.६ वरून हवेच्या हिशेबात साडेसोळाच्या पुढे उडी मारतं. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘लीन’ झालं.

लीन मिश्रणावर रोजची मोटरसायकल निवांत चालताना फार काही बिघडत नाही. पूर्ण थ्रॉटलवर, जादा प्राणवायूसह लीन होणं मात्र वेगळं. तिथे काही सेकंद पुरतात.

पिस्टन वितळत का नाही, आणि मग का वितळतो

सिलिंडरमधली ज्वाला २००० अंशांच्या वर जाते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण ज्वाला क्षणभराची असते आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेनं थंड थर असतो. तो थर ढालीसारखं काम करतो. पिस्टननं घेतलेली उष्णता रिंगांमधून बोअरच्या भिंतीला, तिथून ब्लॉकच्या फिनला आणि वाऱ्याला जाते. काही ऑइल घेऊन जातं.

नायट्रसमुळे मिश्रण झपाट्यानं जळतं आणि दाबाचा कळस लवकर येतो. मिश्रण लीन असेल, ठिणगी वेळेच्या आधी पडत असेल किंवा हेड आधीच तापलेलं असेल, तर ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप फुटतं. हेच डिटोनेशन, मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतो. त्याचे धक्के तो ढालीचा थर खरवडून काढतात. मग ज्वाला थेट धातूला भिडते. तिथून पुढचा प्रवास ठरलेला: आधी प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके, मग रिंगेजवळ पिस्टनची झिजलेली कडा, शेवटी माथ्याला भोक.

याहून वाईट प्री-इग्निशन. प्लगचं टोक किंवा कार्बनचा एखादा कण लाल होतो आणि ठिणगी पडण्याआधीच स्वतः पेटवतो. पिस्टन वर चढत असतानाच स्फोट त्याला खाली ढकलू लागतो. यातून वाचलेली इंजिनं थोडी.

मराठी मुलखात ही गोष्ट नायट्रसच्या आधी दोन-स्ट्रोकनं शिकवली. १९८५ मध्ये आलेल्या ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स-१००ची ताकद ११ अश्वशक्ती. १९९६ मध्ये ती बंद झाली, पण तिचं वेड संपलं नाही. पोर्ट कापून, सायलेन्सर बदलून, एअर फिल्टर काढून तिला ‘पळवणाऱ्या’ कित्येकांनी मेन जेट मात्र कंपनीचाच ठेवला. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल, तर मिश्रण कोरडं झालं की वंगणही तुटतं. भर वेगात इंजिन ‘पकडतं’ आणि मागचं चाक लॉक होतं. आरएक्सवाल्यांनी क्लचवर दोन बोटं ठेवायची सवय अशाच अनुभवातून लावून घेतली.

ताप उतरवण्याचे उपाय

जगभरच्या ट्यूनरनी गेल्या चार-पाच दशकांत जे शोधलं, त्यात मतभेद बरेच असले तरी क्रम जवळजवळ एकच आहे.

सगळ्यात आधी पेट्रोल. ‘ड्राय’ पद्धतीत नळीतून नुसता नायट्रस सुटतो आणि जादा पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर जास्त वेळ उघडून देतात. ‘वेट’ पद्धतीत एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही फवारले जातात. दोघांचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा, वेगळे, जेट वेगळे. कार्ब्युरेटरच्या गाडीला वेटच सोपी, कारण कार्ब्युरेटरला नायट्रस आल्याची खबर लागत नाही. इंजेक्शनच्या गाडीत ड्रायचं काम नीटनेटकं, पण इंजेक्टर आधीच शेवटच्या मर्यादेला टेकले असतील तर जादा पेट्रोल आणायचं कुठून? पुस्तकी हिशेबानं एक भाग पेट्रोलला सुमारे साडेनऊ भाग नायट्रस लागतो. जाणकार त्याहून रिच सुरुवात करतात आणि प्लग पाहत पाहत पेट्रोल कमी करतात. उलट दिशेनं जाणाऱ्याला चूक समजायच्या आत पिस्टन गेलेला असतो.

मग ठिणगीची वेळ. मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा पाडायची. अमेरिकन व्ही-८ गाड्यांच्या जगात दर ५० अश्वशक्तीमागे दोन अंश असा ढोबळ नियम आहे. छोट्या मोटरसायकलला तो जसाच्या तसा लावता येत नाही, दिशा तीच. इथेही मर्यादा आहे. ठिणगी फार उशिरा पडली तर सिलिंडर वाचतो, पण उशिरा जळणारा वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हला भाजतो.

तिसरा प्लग. रोजच्या गाडीचा ‘गरम’ प्लग काढून एक-दोन पायऱ्या ‘थंड’ प्लग लावतात. त्याचं टोक उष्णता लवकर हेडला देतं. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या आकड्यांत बरोबर उलट. ही उलटापालट लक्षात न ठेवल्यानं दुकानातून नेमका चुकीचा प्लग घरी येतो.

चौथा उपाय वेळेचं बंधन. नायट्रस फक्त पूर्ण थ्रॉटलवर आणि ठरलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यातच सुटावा, यासाठी स्विच असतो. कमी फेऱ्यांवर सुटला तर एकेका स्ट्रोकमध्ये फार मोठा घास जातो, इनटेकमध्ये पेट्रोल साचतं आणि उलट भडका उडतो. फेऱ्यांच्या वरच्या मर्यादेला, म्हणजे लिमिटरला, टेकलं की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो; त्या क्षणी नायट्रस चालू असेल तर पुन्हा लीन. म्हणून लिमिटरच्या थोडं आधीच बाटली बंद व्हावी लागते. महागड्या यंत्रणेत नायट्रस एकदम न सोडता टप्प्याटप्प्यानं वाढवतात.

इंजिनाची पोटातली तयारी यानंतर येते: फोर्ज्ड पिस्टन, रिंगेच्या टोकांत थोडी जास्त फट, जेणेकरून तापून फुगल्यावर टोकं एकमेकांना भिडू नयेत, आणि घट्ट हेड गॅस्केट. अनेक हौशी मंडळी खर्चाची सुरुवात इथून करतात, आणि मापण्याच्या साधनांसाठी पैसे उरत नाहीत.

खरा फरक मापण्यानंच पडतो. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर मिश्रण सांगतो, पाइपमधला थर्मोकपल धुराचं तापमान, प्लगच्या वॉशरखालचा थर्मोकपल हेडचं. तिघांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. डिटोनेशन सुरू झालं की उष्णता धातूत शिरते आणि धुराचं तापमान उलट उतरू शकतं. नुसत्या त्या काट्यावर भरवसा ठेवणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात तर जादा उष्णता उचलायला पाणीही नसतं. अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू अडीचशे-तीनशे अंशांपुढे बरीच ताकद गमावतात, आणि भर उन्हात उभ्या गाडीचं हेड वाऱ्याविना फार लवकर तापतं.

बाटलीचं हवामान

आता सुरुवातीच्या आकड्याकडे. नायट्रसच्या बाटलीतला दाब तिच्या तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५० बार, ३० अंशांना ६० च्या थोडा वर. शर्यतीचे जेट ६२ ते ६९ बारच्या आसपासचा दाब गृहीत धरून निवडतात. थंड प्रदेशात हा दाब यावा म्हणून बाटलीला विजेची गरम पट्टी गुंडाळतात.

हिंगोलीत डिसेंबरच्या पहाटे पारा १२ अंशांवर असेल तर दाब चाळीसच्या आसपास राहील. नायट्रस कमी, मिश्रण रिच, गाडी धूर काढत अडखळेल. निदान पिस्टन शाबूत राहील. मे महिन्यात उलट. पेट्रोलचा पंप आपला ठरलेला दाब देत राहतो, बाटलीचा दाब मात्र उन्हासोबत चढतो. जेटमधून नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच. आणि ३६.४ अंशांच्या पुढे द्रव-वायू हा भेदच उरत नाही. मग सेकंदाला दोन ग्रॅमचा हिशेब कोणत्या घनतेवर मांडायचा? दाब आणखी वाढला तर बाटलीची सुरक्षा चकती फुटून सगळा वायू सुटतो. अमेरिकेत गरम पट्टी लागते. इथे ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायची वेळ येईल. तेही प्रमाणित काम नव्हे, तात्पुरती सोय.

नागपूरची परवानगी, पुण्याची बाटली

रस्त्यावर हा खेळ कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार, निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. रस्त्यावरच्या शर्यतीला कलम १८९ वेगळं. दाबाखालच्या सिलिंडरांवर गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

मोटरसायकलवर वायूची बाटली कायद्यानं बसवता येते, याचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजनं ‘फ्रीडम १२५’ ही सीएनजीवरची मोटरसायकल आणली. सीटखाली दोन किलो सीएनजीची टाकी, जोडीला दोन लिटर पेट्रोल. तिथे वायू हेच इंधन आहे, मिश्रणाचा हिशेब कारखान्यात बसवलेला आहे, आणि चाचण्यांच्या कसोट्या पार करून ती टाकी रस्त्यावर आली.

संथ चालीचा नायट्रस

आणि तरीही प्राणवायूचा जादा पुरवठा हिंगोलीच्या दुचाकींना मिळतोच आहे, पेट्रोल पंपावर. ६ फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झालं. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे त्याला पूर्ण जळायला ९ भाग हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग. १४.७च्या हिशेबानं जेट बसवलेला जुना कार्ब्युरेटर हे जाणत नाही. तो पूर्वीइतकंच मोजून देतो, आणि इंजिन आठ-नऊ टक्के लीन चालतं.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या दुचाकींत इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले. त्या बऱ्याच अंशी स्वतःला सावरतात. प्रश्न त्याआधीच्या स्प्लेंडर, प्लॅटिना, पल्सरचा, ज्या अजून लाखोंनी धावतात. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानंच अशा जुन्या धाटणीच्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज तीन ते चार टक्के घटेल असं म्हटलं होतं. सकाळी चोक लावूनही उशिरा सुरू होणं, पिकअपला अडखळणं, उन्हात गरम होऊन बंद पडणं, या तक्रारींमागे लीन मिश्रण असू शकतं.

इथेनॉलला सरसकट दोष देणं मात्र चूक ठरेल. त्याचा ऑक्टेन आकडा १०८च्या आसपास, म्हणजे नॉकिंगला विरोध जास्त. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. म्हणूनच काही नायट्रस ट्यूनर जादा इंधनासाठी इथेनॉलच पसंत करतात. त्याच्यासाठी बनवलेल्या इंजिनाला ते थंड ठेवतं. जेट न बदलता ते जुन्या इंजिनाच्या माथी मारलं, तिथे गोष्ट उलटते.

म्हणून आढाव्याचा निकाल असा: रोजच्या हवाथंड मोटरसायकलला नायट्रस लावणं मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तांत्रिकदृष्ट्याही बसत नाही, कायद्याचं तर सोडाच. पण नायट्रसवाले पिस्टन गमावून जे शिकले, ते फुकट वापरता येतं. पावसाळ्यात काळ्या रानाची चिकट माती ब्लॉकच्या फिनमध्ये बसून वाळते आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहते. ती ब्रशनं काढा. ऑइलची पातळी बघा. जुनी कार्ब्युरेटरची गाडी गरम होत असेल तर कंपनीनं दिलेल्या मर्यादेत जेट आणि मिक्श्चर स्क्रू तपासून घ्या, रबरी नळ्या कडक झाल्या असतील तर बदला. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकनं काढलेला जुना प्लग टाकून देऊ नका, हातात घ्या. इथेनॉलमुळे तो पूर्वीपेक्षा फिका दिसेलच; पण टोक खडूसारखं पांढरं आणि त्यावर बारीक चकाकते ठिपके असतील, तर नवा प्लग बसवण्याआधी मेकॅनिकला कार्ब्युरेटर उघडायला सांगा.